मानाची कात्री

‘समितीच्या प्रत्यक्ष पाहणीत असे निदर्शनास आले की, परिसरातील डाळिंब बागांमध्ये उद्भवलेल्या तेलकट डाग रोगाचा, अर्थात तेल्याचा, उगम श्रीमती तुळजाबाई मारुतराव यांच्या दुर्लक्षित व मिश्र झाडांच्या बागेत झाला आहे. प्रत्येक बागेत रोगाची सुरुवात फाटकालगतच्या पहिल्या झाडापासून झालेली दिसते. यावरून रोग पायवाटेने आत शिरला हे स्वयंस्पष्ट आहे. फळांच्या प्रतवारीच्या कामानिमित्त सदर महिलेचा सर्व बागांमध्ये वावर होता. सबब, सदर बाग समूळ काढून जाळण्यात यावी.’

भीमाकाठच्या आमच्या डाळिंब उत्पादक संघाने नेमलेल्या समितीच्या अहवालातला हा परिच्छेद आहे. पहिली सही संघाचे अध्यक्ष मल्हारीआबा यांची, दुसरी त्यांचा पुतण्या आणि संघाचा सचिव सत्यजीत याची. तिसऱ्या सदस्याचा अंगठा आहे; तो कशावर उठवला हे त्या बिचाऱ्यालाही सांगता येणार नाही. श्रीमती तुळजाबाई माझी आई.

‘स्वयंस्पष्ट’ या शब्दाविषयी मला जुना आदर आहे. ज्या विधानाला पुरावा परवडत नाही ते हा शब्द अंगावर पांघरून चारचौघांत जाते, आणि चारचौघे उठून त्याला जागा देतात. तरीही अहवाल वाचण्याची माझी रीत अशी की आधी त्यातले खरे तेवढे बाजूला काढायचे. ‘दुर्लक्षित’ हे खोटे; माझ्या आईच्या बागेत गवताची काडी सापडली असती तर तिने ती पाहुण्यासारखी फाटकापर्यंत पोहोचवली असती. ‘मिश्र झाडांची’ हे खरे. माझे दिवंगत वडील, मारुतराव, डाळिंबे बीपासून वाढवत. त्यामुळे एका झाडाचे फळ गुलाबी, दुसऱ्याचे पिवळट, तिसऱ्याचे आंबटढाण. व्यापाऱ्याला असली बाग आवडत नाही. आणि फाटकालगतच्या पहिल्या झाडापासून रोग सुरू झाला, हेही खरे. साऱ्या अहवालात डोळ्यांनी पाहून लिहिलेले तेवढे एकच वाक्य आहे. ज्याने ते लिहिले त्याने पाहणे तिथेच थांबवले, कारण आणखी थोडे वर पाहिले असते तर अहवाल लिहिताच आला नसता.

पहिले डाग जमिनीलगत नव्हते. ते खांद्याच्या उंचीवर होते, छाटलेल्या फांदीच्या तोंडाशी, तिथून फुटलेल्या नव्या पालवीवर. पायवाटेने आलेला रोग खांद्यापर्यंत कसा चढला, हा प्रश्न समितीला पडला नाही. ज्या प्रश्नांनी झोप उडते ते न पडू देणे हीसुद्धा एक जन्मजात प्रतिकारशक्ती आहे.

बाग जाळली. संघाच्या ठरावापुढे एकट्या बाईचे काय चालते? ठराव मोडणाऱ्याच्या बागेत छाटणीची टोळी पाऊल ठेवत नाही, व्यापाऱ्याची गाडी फाटकाशी थांबत नाही. झाडे मुळासकट उपटून ढीग केला, आणि मल्हारीआबांनी स्वतः डिझेल ओतले. ओतताना म्हणाले, “वहिनी, मन घट्ट करा. गावासाठी हाय.” आईने त्यांना पाणी विचारले. घरी आलेल्याला पाणी विचारायचे असते, एवढेच तिला सुचले असावे.

त्यानंतर तिला कोणी प्रतवारीला बोलावले नाही. चाळीसएक वर्षे या भागातल्या बायका तिच्या शेजारी बसून फळ निवडायला शिकल्या. हातात डाळिंब धरून तिने अंगठ्याने एकदा दाबले की आतला दाणा पांढरा आहे की लाल, ते ती सांगायची. आता कोणत्याही बागेपाशी गेली की आतून हाक यायची, “मावशी, तिथंच थांबा बरं का, काय हवं ते तिथनंच सांगा.” फाटकाशी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याचे घमेले ठेवलेले असे. त्यात ती पाय बुडवायची, आणि तरीही आत जायची परवानगी नसायची. बागेत येणाऱ्या अध्यक्षांच्या गाडीची चाके त्या घमेल्याला वळसा घालून जात.

मी फोनवर भडकले की ती म्हणे, “अने, मला कुणाचं वाटोळं न्हाई करायचं. मला फकस्त फाटकातनं आत येऊ द्या म्हणावं. हाताला काम नसलं की हात दुखत्यात.”

तिची मागणी इतकी लहान होती, म्हणूनच माझी मोठी करावी लागली.

माझे काम जिवाणू आणि वनस्पती यांच्यातल्या ओळखीचे आहे. थोडक्यात सांगते, कारण पुढचे सारे याच्यावर उभे आहे. झाडाला रक्त नसते, म्हणून रक्तातून फिरणारे पहारेकरी नसतात. एकदा झालेला आजार लक्षात ठेवून पुढच्या वेळी त्याच्यासाठी नवे शस्त्र घडवणाऱ्या पेशीही नसतात. त्याच्याकडे जे आहे ते जन्मतःच आहे. प्रत्येक पेशीने आपला उंबरा आपण राखायचा. पेशीच्या आवरणावर ग्राही प्रथिने बसलेली असतात. समोर आलेला परका आहे की आपला, एवढेच त्यांनी ओळखायचे. हे प्रथिन अख्खा जिवाणू पाहत नाही. तेल्याच्या जिवाणूला पोहण्यासाठी बारीक शेपूट असते. त्या शेपटीच्या प्रथिनात अमिनो आम्लांच्या बावीस मण्यांचा एक तुकडा आहे. तो ग्राहीच्या खाचेत बसला की झाड सावध होते. पानांची रंध्रे मिटतात, पेशींच्या भिंती जाड होतात, आत आलेल्याची उपासमार सुरू होते. जिवाणूने तो तुकडा न बदलावा तर पकडला जातो, बदलावा तर बहुधा पोहणेच जाते. क्वचित एखादाच मणी असा बदलतो की पोहणेही राहते आणि ओळखही पुसते.

झाडाची बाजूही स्वस्थ नसते. बीपासून उगवलेल्या प्रत्येक रोपात खाचेचा आकार तिळभर वेगळा असू शकतो. एकाला जो तुकडा दिसत नाही तो शेजारच्याला दिसतो. ज्याला दिसला ते तगते, त्याचे बी पुढे जाते. जिवाणू बदलतो, खाच बदलते, पुन्हा जिवाणू बदलतो. माणूस जन्माला यायच्या आधीपासून हा डाव चालू आहे. आपण तो एका बाजूने थांबवला. गुटी कलम म्हणजे फांदीलाच मुळे फोडून केलेले रोप, आईची हुबेहूब नक्कल. फळ सारखे, रंग सारखा, भाव सारखा; आणि खाचही सारखी. समोरचा खेळाडू दिवसातून अनेकदा पिढी बदलतो, आणि आपण आपल्या खेळाडूचे हात बांधून त्याला ‘सुधारित वाण’ म्हणतो.

मल्हारीआबांच्या वाणाचे नाव राजलाल. भीमेच्या पलीकडे, शिरूर तालुक्यात, त्यांची मातृबाग आहे. रोपांसाठी राखलेली हजारो झाडे, सगळी एका झाडाच्या गुटीपासून. नदीच्या दोन्ही काठांवर, अलीकडे थेट यवतपर्यंत, जवळजवळ प्रत्येक बाग तिथल्या रोपांची. वाण चांगला होता, हे मी नाकारत नाही. राजलालची खाच तेल्याला ओळखत असे. म्हणून तर तो वाण बारा-पंधरा वर्षे रोगाविना टिकला आणि आबांच्या गळ्यात हार पडत गेले.

गेल्या दिवाळीला मी घरी आले तेव्हा बागांमध्ये डाग नुकतेच दिसू लागले होते. आईच्या आणि शेजारच्या बागांमधली डागाळलेली पाने मी पुण्याला प्रयोगशाळेत नेली. प्रत्येक पानातला जिवाणू एकच निघाला, आणि प्रत्येकाच्या शेपटीत तोच एक मणी बदललेला. राजलालची खाच त्याला पाहू शकत नव्हती. तिच्या लेखी तो तिथे नव्हताच. आईच्या बागेत मात्र चित्र वेगळे होते. फाटकालगत एकच राजलाल होते, आबांनीच भेट दिलेले. ते पार करपले. मागच्या बियांच्या झाडांपैकी काहींवर तुरळक डाग, आणि तीन झाडांवर एकही नाही. त्या तीन झाडांच्या पानांसमोर मी तो बदललेला तुकडा ठेवला. त्यांनी तो ओळखला.

म्हणजे ज्या बागेला उगम ठरवले, तिथे हा जिवाणू जन्मूच शकत नव्हता. ज्या कुलपाशी रोज झटापट होते त्याचीच किल्ली चोर घडवतो. राजलालला चकवण्याची विद्या एक राजलाल असलेल्या बागेत कोण शिकेल? ती शिकायला हजारो राजलाल एका ठिकाणी लागतात, दाटीने, वर्षानुवर्षे. अशी जागा नदीच्या दोन्ही काठांवर एकच होती.

हे सारे मी संघाला लेखी कळवले. सत्यजीत कृषी पदवीधर आहे. त्याला समजले नसेल असे म्हणून मी त्याचा अपमान करणार नाही. त्याचे उत्तर आले, “मॅडम, आपले संशोधन गौरवास्पद आहे. परंतु शेतकरी बांधवांना एवढे टेक्निकल समजत नाही. सबब ठराव कायम.” पुढच्याच आठवड्यात बाग जाळली. तेल्याचे नवे रूप ओळखणारी ती तीन झाडेही त्याच ढिगात गेली. ज्यांच्या जिवावर उद्या या तालुक्यांतली डाळिंबे वाचली असती त्यांची राख संघाने आमच्याच विहिरीच्या कडेला पसरली, खत म्हणून.

रोग कशावर बसून फिरला, हे शोधायला मला प्रयोगशाळा लागली नाही. मी याच भागात वाढले आहे. खंडेनवमीला आमच्याकडे कोयते, खुरपी, पंप, ट्रॅक्टर सगळ्यांची पूजा होते, तशी छाटणीच्या कात्रीचीही होते. दसऱ्याला हस्त बहाराची, म्हणजे पावसाळा सरतानाच्या फुलोऱ्यासाठीची, छाटणी सुरू करायची, आणि प्रत्येक बागेत फाटकालगतच्या पहिल्या झाडाची एक फांदी अध्यक्षांच्या हातून कापायची. हा मान. कात्री अध्यक्षांची स्वतःची, मुठीला गोंडा, पात्यावर कुंकू. हार, फोटो, पेढा, आणि गाडी पुढच्या बागेकडे. प्रत्येक फाटकावर संघाचाच फलक आहे: ‘प्रत्येक झाडानंतर कात्री ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवा.’ गेणबाच्या छाटणी टोळीतला माणूस विसरला तर त्याची दिवसाची मजुरी कापतात. पण पुजलेली कात्री ब्लीचिंगमध्ये बुडवायची, कुंकू धुऊन काढायचे, हे कोणाच्या मनातही येणार नाही. मान हा जंतुरहित असतो, अशी आमची श्रद्धा आहे.

माझ्याकडे सर्व होते, एक सोडून. मातृबागेतले पान माझ्याकडे नव्हते. तिथे कुंपण आहे, कुत्री आहेत, आणि ‘विनापरवाना प्रवेश बंद’ आहे. पान मिळण्यासारखे नव्हते, तेव्हा शब्द मिळवायचा होता. ज्या लोकांसमोर माझ्या आईचे नाव वाचले त्याच लोकांसमोर. मी शोधनिबंध लिहिला असता तर तो परदेशात दहा जणांनी वाचला असता, आणि माझी आई घमेल्यात पाय बुडवून उभीच राहिली असती.

यंदा दसऱ्याच्या आधी यवतच्या मंगल कार्यालयात संघाचा मेळावा ठरला आणि मला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावणे आले. आबांचा हिशेब सरळ होता. जिच्या आईची बाग जाळली तीच व्यासपीठावर हार घेऊन बसली की प्रकरण मिटले. सत्यजीतने फोनवर सांगितले, “आबांची इच्छा आहे, मॅडम. आपल्या गावची लेक म्हणून. कार्यक्रम संघाच्या ऑनलाइन पानावर लाइव्ह जाणार आहे, सगळं पारदर्शक.”

मी म्हटले, “अवश्य येईन.”

आईला न्यायचे म्हटले तर ती तयार होईना. “तिथं मला बगून लोक खुर्च्या सरकिवत्यात.”

“सरकवू दे. तू बस.”

ती बसली. बायकांच्या बाजूला, शेवटच्या रांगेत, दोन्हीकडे रिकाम्या खुर्च्या. शेजारच्या रांगेत आमच्या वाडीतली सखूबाई होती. तिने एकदा मागे वळून पाहिले आणि पदर सावरून पुन्हा पुढे पाहू लागली.

सत्कार झाले. सत्यजीतने माझी ओळख करून देताना माझ्या पदव्या अशा वाचल्या की जणू त्या संघानेच मला घेऊन दिल्या. मी उभी राहिले आणि आबांची स्तुती केली. राजलालची केली, त्यांच्या कष्टांची केली, त्यांच्या मानाची केली. त्यातले काहीही खोटे नव्हते. मग त्यांच्याकडे वळून विचारले, “आबा, शहरातल्या माझ्या विद्यार्थ्यांना आपल्या पद्धती माहीत नसतात. मानाची पहिली कात्री कुणाच्या बागेत लागते?”

आबा खुशीत होते. आपल्यासमोरचा माइक ओढून घेतला. “माझ्या. दुसरीकडं कुठं लागंल, लेकी? पैली आमच्या मातृबागंत, मग नदी उतरायची आन् ह्या अंगाला यायचं. येका दिसात समद्या बागा. पोरं गाडी अशी पळिवत्यात की हार वाऱ्यानंच उडतोय.”

“आणि दर बागेत ती ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवायची ना? फलकावर लिहिलंय.”

सभागृह हसले. आबा सगळ्यांत मोठ्याने. “आगं, पुजल्याली कात्री हाय ती! कुंकू लावल्यालं. देवाच्या टाकाला कुणी फिनेलनं आंघोळ घालतं का?”

“नाही घालत,” मी म्हटले, आणि मीही हसले.

मग मी माझा माइक खाली बसलेल्यांकडे दिला. पहिल्या रांगेत रोहिदास होता. त्याची अर्धी बाग गेली होती. “रोहिदासभाऊ, तुमच्या बागेत पहिला डाग कुठे दिसला?”

“फाटकापाशी. आवालात लिवलंय की, ताई.”

“जमिनीपासून किती वर?”

त्याने उभे राहून खांद्याला हात लावला. “ह्या इथं. कापल्याल्या फांदीच्या तोंडाला.”

“आमच्याबी तितंच,” मागून एक जण म्हणाला. “माझ्याबी.” चार-सहा हात खांद्यांना लागले.

“आणि अहवाल म्हणतो की रोग माझ्या आईच्या पायांनी आला.”

बायकांच्या बाजूने सखूबाईचा आवाज आला, “व्हय की रं! तुळजाबाई काय माकडावानी झाडावरनं उड्या मारीत जाती व्हय?”

हशा झाला, पण या वेळी तो व्यासपीठापर्यंत येता येता थबकला. मी शांतपणे म्हटले, “रोग कात्रीने आला. खांद्याच्या उंचीवर, ताज्या जखमेतून. दुसरा मार्ग नाही.” आणि थांबले.

कात्री म्हटल्यावर माना कोणाकडे वळणार हे मला ठाऊक होते. गेणबा आपल्या टोळीसह उजव्या भिंतीला बसला होता. त्याचा अपराध नव्हता, आणि तो न केलेला अपराध अंगावर घेणाऱ्यातला नव्हता. यावरच मी सगळी मांडणी केली होती.

“तुमच्याच पोरांनी आणला म्हणा की, गेणबा,” कोणीतरी म्हणाले.

गेणबा ताडकन उठला. “आमच्या पोरांनी? आमची कात्री दर झाडाला बुडती. बोटं बगा, ब्लीचिंगनं सोलून निगाल्यात! न बुडल्याली कात्री तालुक्यात येकच हाय, आन् ती आमची न्हाई.”

“गेणबा, खाली बस,” आबा म्हणाले.

“बसतो, आबा. पर डाग माझ्या टोळीला लागाय नको. पोरींची लग्नं हायेत लोकांची.” त्याने घाम पुसला. “आन् इचारताच तर सांगतो. गेल्या वर्षी खंडेनवमीच्या आधी तुमच्या मातृबागंच्या वरल्या तुकड्यातली झाडं आमच्याकडनं बुडापासनं तोडून घेतली का न्हाई? म्हनला रस्ता काढायचाय. पेटवून बी लगीच टाकली.”

मी विचारले, “पानं पाहिलीत त्या झाडांची?”

“बगितली की. डोळं हायेत मला. तेलात बोट बुडवून टेकवावं तसं डाग. मी म्हनलो, आबा, ह्यो तेल्या दिसतोय. तर म्हनलं, खताची गरमी हाय, तू तुजं काम कर.”

रोहिदास अजून उभाच होता. त्याने अगदी साध्या आवाजात विचारले, “आबा, त्यो रस्ता कुठं झाला वो?”

मागच्या रांगेतले दोघे-तिघे उठून त्याच्याजवळ उभे राहिले.

सत्यजीत व्यासपीठाच्या कडेला कार्यक्रम लाइव्ह दाखवण्यासाठी ठेवलेल्या मोबाईलकडे सरकला. मी म्हटले, “असू द्या, सत्यजीत. शेतकरी बांधवांना टेक्निकल समजतंय.” तो थांबला. समोर दोनशे माणसे त्याच्या हाताकडे पाहत होती. हात त्याने खिशात घातला.

आबा उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता, पण आवाजात अजून अध्यक्षपण होते. “म्हंजी मी मुद्दाम रोग वाटला व्हय? तीस वर्सं ह्या लोकांसाठी राबलो. कात्री धुतली न्हाई आसंल, मानलं. रीत हाय ती. माझ्या बापाच्या टायमालाबी धूत नव्हते. चूक कुणाकडनं होत न्हाई?”

सभेत हलकी चुळबुळ झाली. काही माना डोलल्या. मला ती डोलणी दिसत होती, आणि तिथेच मामला निसटणार हेही कळत होते. आमच्याकडे चुकीला क्षमा फार स्वस्त आहे. मोठ्या माणसाच्या चुकीला तर वर हारही मिळतो. एक कान पकडला, एक नारळ फोडला, की आबा पुन्हा दसऱ्याला गाडीत बसणार होते, आणि आई फाटकाबाहेरच राहणार होती. कारण न धुतलेल्या कात्रीने तिच्यावरचा आरोप पुसला जात नव्हता; कात्रीने रोग तिच्याच बागेतून उचलला, असेही म्हणता आले असते.

“आबा,” मी म्हटले, “कात्री न धुणं ही चूक आहे. चुकीसाठी मी आलेले नाही. तुमच्या वरच्या तुकड्यात डाग आला ते खंडेनवमीच्या आधी. माझ्या आईच्या बागेत आला दिवाळीला. मधे दसरा. हे तिन्ही दिवस आता सर्वांनी ऐकले. दिवाळीनंतर दीड महिन्याने तुम्ही अहवालावर पहिली सही केलीत की उगम तिच्या बागेत आहे. मला एवढंच सांगा. सही करताना तुम्हाला माहीत होतं का?”

“तवाचं तवा. आता काय त्याचं?”

“माहीत होतं का?”

“आगं पर...”

“सांगा की, आबा,” रोहिदास म्हणाला. “व्हय का न्हाई, येवढंच. आमच्या बागा गेल्यात.”

“व्हय का न्हाई!” बायकांच्या बाजूने आले, आणि मग भिंतीकडून, आणि मग दाराशी उभ्या असलेल्यांकडून. ओरडत कोणी नव्हते. प्रत्येक जण एकदाच म्हणत होता आणि गप्प होत होता, जणू हजेरी चालली होती.

आबांनी सत्यजीतकडे पाहिले, सत्यजीतने जमिनीकडे. मग त्यांची नजर शेवटच्या रांगेत गेली. आई उठून उभी राहिली होती. हात पोटाशी धरून ती पाहत होती, फळ निवडताना पाहते तशी.

माइक त्यांच्या हातात चालूच होता. पुढे ते जे बोलले ते संघाच्याच पानावर अजून आहे. ध्वनिमुद्रणातून शब्दशः उतरवून घेतले आहे, एकही अक्षर माझे नाही:

“व्हय, ठाव हुतं. डाग आधी माझ्याच बागंत आला, आन् वरला तुकडा मीच तोडाय लावला. दसरा तोंडावर आला हुता. मान सोडला आसता तर लोकांनी इचारलं आसतं, आबांनी आवंदा कात्री का न्हाई धरली म्हणून. मग रोपं कुणी न्हेली आसती माझी? कुणाच्या तरी बागंतनं आला आसं म्हणावंच लागणार हुतं. बाकीच्यांच्या घरात बाप्ये हायेत, भावकी हाय, त्यांनी गचांडी धरली आसती. तुळजावहिनी येकटी. लेक पुण्याला, तिकडंच. मला वाटलं, हिच्या बाजूनं कोण उठतंय.”